उतरवलेलं

खाट क्रमांक चौदा. केस स्टडी, पानं अकरा.
विद्यार्थिनी बेल्डीन आवुओर, वर्ष दुसरं.
पान सातवर, गोल गोल अक्षरात:
‘डाव्या पावलाची नाडी नियमित लागते. त्वचा उबदार.’

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

चौदा नंबरला झकारिया ओगोला आहेत.
किसुमूच्या धक्क्यावर चाळीस वर्षं जाळी ओढलेला माणूस.
त्यांचा डावा पाय
गुडघ्याच्या वरून काढला,
त्याला मंगळवारी तीन आठवडे झाले.

मग नाडी कुणाची मोजलीस, पोरी?

कपाटातून जुना गठ्ठा काढला. सहा वर्षांमागचा.
तेच वाक्य. तोच स्वल्पविराम, तसाच चुकलेला.
तेव्हाच्या चौदा नंबरला पाय दोन होते.
त्या मुलीला मी वीसपैकी अठरा दिले,
आणि तिच्या पानांवर ‘नमुना’ असा शिक्का मारून
वाचनालयात ठेवली.
मीच.

ताप उतरवायला शिकवतो आम्ही इथं.
हिनं अकरा पानं उतरवली.

नियम सरळ आहे. फॉर्म भरा, समितीकडे द्या, मुलगी एक वर्ष मागे.
बेल्डीनचं एक वर्ष म्हणजे काय, ते मी पाहिलंय:
होमा बेच्या वाळूवर तिची आई
बोटाएवढी ओमेना मासळी वाळत घालते,
फीच्या नोटांना तो वास असतो,
कारकून खिडकी उघडून पावती फाडतो.

आणि हेही पाहिलंय,
रात्री एक वाजता न मोजता लिहिलेला आकडा
सकाळपर्यंत कुठं कुठं जाऊन येतो.
लिहिलाय मी. नव्वद साली, ऑगस्टात.
थर्मामीटर एकच, तो कुणीतरी नेलेला, पाय सुजलेले.
सहा खाटा. सदतीस, सदतीस, सदतीस,
सदतीस, सदतीस, सदतीस.
पाचव्या खाटेवरचं मूल फणफणत होतं.
वाचलं.
माझ्यामुळे नाही.

ती आली ती चेहरा उतरवूनच.
समजावणीचे चार शब्द तयार होते माझ्याकडे, ते तसेच राहिले.
म्हटलं, चल.

ओगोलांनी चादर स्वतःच सारली.
बेल्डीनचा हात पुढं गेला, आणि जिथं पाऊल असायला हवं
तिथं गादीवर टेकला.
बराच वेळ तिथंच राहिला.

‘तिथंच खाजतं,’ म्हातारा म्हणाला,
‘अंगठा आणि शेजारचं बोट, त्यांच्या मधे.
नाहीत ती बोटं, ठाऊक आहे मला.
पण खाजतं.
आजवर कुणी विचारलं नाही.’

मी निघून आले. ती तासभर बसली.
आणून दिलं ते दीड पान, व्याकरणाच्या नावानं शिमगा,
एक शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेला:
खाज रात्री दोनला सुरू होते,
कंदील लावून होड्या निघतात त्या सुमारास.
उजवं पाऊल चोळलं की थोडी थांबते.
मी चोळून पाहिलं.

शेवटच्या तीन शब्दांवर माझं लाल पेन
नुसतं धरून राहिले.

फॉर्म मी भरला. ती समोर बसली होती तेव्हाच,
प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवत.
रडली. मी थांबले नाही, घाईही केली नाही.
दीड पान सोबत जोडलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
‘सहा वर्षं मी एकच प्रश्न देत आले.
नमुना मीच ठेवला. तो आज काढून घेतला आहे.
मुलीला वॉर्डातून काढू नये, ही विनंती.’
समिती काय करील, मला माहीत नाही.

ती गेल्यावर एक कोरा कागद घेतला,
नव्वद सालच्या ऑगस्टासाठी.
त्यावर अजून
फक्त तारीख आहे.